सोपाऱ्याहून लुंबिनीला : घाटरस्त्याच्या धम्मयात्रेची तयारी

नालासोपारा पश्चिमेला बुरूड राजाचा कोट म्हणतात ती जागा आपल्या माणसांना सांगायला नको. बुद्ध पौर्णिमेला पांढरे कपडे घालून, हातात मेणबत्त्या आणि फुले घेऊन आपण सगळे तिथेच जमतो. १८८२ साली एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत एकात एक बसवलेले करंडक, आठ लहान बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे होते. ते सारे आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जपून ठेवलेले आहे.

त्याच वर्षी सोपाऱ्यात आणखी एक वस्तू मिळाली. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. तुकडा छोटा आहे, पण हाच लेख गिरनारला आणि इतर ठिकाणी पूर्ण आहे, म्हणून त्यात काय कोरले होते ते आपल्याला कळते. पूर्वीचे राजे मौजेखातर सहलीला निघत, शिकारी करत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तिथून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत त्याने काय केले? श्रमण-ब्राह्मणांना दान दिले, वृद्धांची भेट घेऊन त्यांना मदत केली, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटला, त्यांच्याशी धम्माविषयी बोलला.

म्हणजे वाचक बंधू-भगिनींनो, प्रवास कसा करावा हे सांगणारा दगड आपल्याच गावात सापडला आहे! आणि आपण मात्र वर्षानुवर्षे विरार लोकलच्या पुढे जात नाही.

आईची इच्छा

हा लेख लिहिण्याचे कारण घरचेच आहे. माझे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि आम्ही परळची खोली सोडून नालासोपाऱ्याला आलो. वडील दर बुद्ध पौर्णिमेला आम्हाला स्तुपावर न्यायचे आणि म्हणायचे, "एकदा लुंबिनी बघायची." त्यांची ती इच्छा राहिली. आता आई ७१ वर्षांची आहे. मागच्या पौर्णिमेला स्तुपावरून उतरताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांचं राहिलं. माझंही राहणार का?"

मी गेली बावीस वर्षे वसईच्या औद्योगिक वसाहतींमधून माल नेणारा टेम्पो चालवतो. कसारा घाट, बोर घाट मला नवीन नाहीत. मेहुण्याकडे सात आसनी गाडी आहे. तो लगेच म्हणाला, "दाजी, गाडी आपलीच आहे. आपण दोघं चालवू. लुंबिनी करू आणि तसंच डोंगर चढून काठमांडूला जाऊ."

काठमांडूचे नाव निघाले आणि घरातली मुलेसुद्धा कान टवकारून बसली. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात, प्रकृती खालावलेली असताना, ते चौथ्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. तिथे २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या शहराला एकदा पाय लागावेत असे कोणाला वाटणार नाही?

मेहुणा त्याच महिन्यात निघायला तयार होता. महिना होता जूनचा. मी नको म्हटले, आणि तेव्हापासून आमच्या घरी दर रविवारी वही घेऊन बैठक बसते. त्या वहीत जे जमा झाले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे म्हणून इथे देतो.

आधी महिना ठरवा, मग गाडी

२३ ऑगस्ट २०२४ हा दिवस आठवतो का? जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळकडचे यात्रेकरू बसने पोखराहून काठमांडूला निघाले होते. तनहुँ जिल्ह्यात बस रस्ता सोडून खाली मर्स्यांगदी नदीच्या काठावर कोसळली. सत्तावीस जण गेले. कोणाची आई, कोणाची आजी, कोणाची सून. आपल्यासारखीच साधी माणसे, पैपै साठवून निघालेली.

त्याच्या आधी सहा आठवडे, १२ जुलै २०२४ ला, नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर सिमलताल येथे पहाटेच्या अंधारात दरड आली आणि दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. दोन्ही बसमध्ये मिळून साठाहून अधिक माणसे होती. सप्टेंबरअखेरीस पुन्हा अतिवृष्टी झाली आणि नेपाळभर दोनशेहून जास्त लोक दगावले.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. हिमालयाचे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे जुन्या काळ्या कातळाचे नाहीत. ते वयाने तरुण आहेत, ठिसूळ आहेत, आणि रस्ता एका बाजूला उभा डोंगर व दुसऱ्या बाजूला खोल नदी असा कापलेला आहे. पावसाचे पाणी मुरले की दगडमाती सुटते. म्हणून जून ते सप्टेंबर हे चार महिने डोंगरात गाडी घालू नये. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत मोठा सोहळा असतो, पण तेव्हा तराईत कडक ऊन असते, म्हाताऱ्या माणसांना ते सोसत नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी उत्तर प्रदेशात आणि तराईत दाट धुके पडते, समोरचा ट्रक दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही.

राहिले दोन काळ. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी-मार्च. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात. म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर धरला. तेव्हा हवा स्वच्छ असते आणि डोंगर दिसतात. नेपाळात दसई आणि तिहार हे त्यांचे मोठे सण त्याच सुमारास येतात. त्या दिवसांत गाड्या भरलेल्या, लॉज भरलेले आणि कचेऱ्या बंद असतात. ते दिवस टाळून तारीख धरावी.

रस्ता कोणता?

वसई-विरारहून लुंबिनीकडे जायला दोन सोयीचे रस्ते आहेत.

पहिला जवळचा. नाशिक, धुळे, इंदूर, शिवपुरी, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर आणि मग नौतनवा-सुनौली. सीमेपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर. दोन ड्रायव्हर असतील तरी याला वाटेत तीन मुक्काम हवेत.

दुसरा थोडा लांबचा, पण आपल्या माणसाला जास्त जवळचा. भिवंडीजवळ आमणे येथून समृद्धी महामार्ग धरायचा. तो २०२५ च्या जूनमध्ये नागपूरपर्यंत सलग खुला झाला, लांबी ७०१ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला वंदन. पुढे जबलपूर, रीवा, वाराणसी. सारनाथला एक पूर्ण दिवस विश्रांती. मग कुशीनगर, आणि गोरखपूरहून सुनौली. दीक्षाभूमी, धम्मचक्र प्रवर्तनाची जागा, महापरिनिर्वाणाची जागा आणि शेवटी जन्मस्थान असा हा क्रम होतो. ज्यांच्या हाती वीस-बावीस दिवस आहेत त्यांनी हाच रस्ता धरावा.

समृद्धीबद्दल एक गोष्ट सांगतो. सरळ रस्त्यावर गाडी पळते आणि डोळा लागतो. झिजलेला टायर तापून फुटतो. सरळ रस्ताही घाटाइतकाच धोक्याचा असतो, फक्त तो तसा दिसत नाही. दर दोन तासांनी थांबावे, तोंडावर पाणी मारावे आणि ड्रायव्हर बदलावा.

पण आपल्यापैकी किती जणांना वीस दिवसांची रजा मिळते? वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत काम करणाऱ्याचा खाडा म्हणजे पगार कापला. आमचा मेहुणा असाच एका कारखान्यात आहे. त्याने फार तर तेरा दिवस जमतील म्हणून सांगितले. तिथे आमचा पहिला बेत मोडला.

मग पत्नीने तोडगा काढला. ती म्हणाली, "आईंना सतराशे किलोमीटर गाडीत बसवून न्यायचंच कशाला? लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेस थेट गोरखपूरला जाते. आम्ही बाया-मुलं रेल्वेने येतो. आडवं पडायला मिळेल, संडास-बाथरूमची अडचण नाही. तुम्ही दोघं गाडी घेऊन जवळच्या रस्त्याने पुढे या."

मला ते पटले. वयस्कर माणसांचे पाय सलग बसून सुजतात. बायका वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. हे सगळे पुरुषांच्या बेतात कधी येत नाही. घरातल्या बाईला बेत आखायला बसवले तर येते.

सीमेवर लागणारे कागद

भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पण "काहीच लागत नाही" हे खरे नाही. आमच्या वहीत उतरवलेली यादी अशी :

१. प्रत्येक प्रौढाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. सर्वसाधारण प्रौढाने केवळ आधारकार्डावर विसंबू नये.

२. ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील व्यक्तींना वय व ओळख दाखवणारा फोटोचा दुसरा पुरावा चालतो. आईचे आधारकार्ड चालेल, तरी तिचे मतदारकार्डही सोबत ठेवणार आहोत.

३. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातला दाखला. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधीच द्यायचा आहे.

४. कुटुंब एकत्र जात असेल तर नाते दाखवणारे रेशनकार्ड.

इथे एक आपल्या घराघरातली अडचण आहे. एका कागदावर वडिलांचे नाव एक, दुसऱ्यावर दुसरेच. आईच्या मतदारकार्डावर नाव वेगळ्या अक्षरांत आणि रेशनकार्डावर गावाकडचे जुने आडनाव. अशी दुरुस्ती दोन दिवसांत होत नाही. निघण्याआधी तीन-चार महिने सगळे कागद एका पिशवीत काढून एकमेकांशी ताडून पाहा. यात्रा झाली नाही तरी हे काम वाया जात नाही. उद्या पेन्शनला, शिष्यवृत्तीला तेच कागद लागणार आहेत.

आता गाडीचे कागद. आरसी बुक मूळ, चालवणाऱ्या प्रत्येकाचे लायसन्स मूळ, विमा, पीयूसी. गाडी मेहुण्याच्या नावावर आहे, त्यामुळे मी चालवणार असल्याचे त्याचे अधिकारपत्र तो सोबत असला तरी करून घेणार आहोत. सुनौलीच्या पलीकडे बेलहियाला नेपाळचे जकात कार्यालय आहे, त्याला तिकडे भन्सार म्हणतात. तिथे जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून गाडीचा परवाना मिळतो. शिवाय वाहतूक खात्याचा परवाना लागतो. दिवस मोजताना एक दिवस जास्तीचा घ्यावा. दरड आली, रस्ता बंद झाला आणि मुदत टळली तर दंड भरावा लागतो. रांग असते, म्हणून सीमेवर सकाळीच पोहोचावे. दलाल मागे लागतात. खिडकीवर जाऊन आपणच पैसे भरावेत आणि पावती घ्यावी.

विम्याचे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. आपला मोटार विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळसाठी जादा हप्ता भरून तो वाढवून घ्यावा लागतो आणि तसा शेरा पॉलिसीवर लिहून घ्यावा लागतो. एजंटाला हे लेखी विचारा.

आणखी एक. आमच्या गाडीत जागा आहे हे कळताच चाळीतले दोघेतिघे म्हणाले, "आमच्याकडून भाडं घ्या, पण न्या." मेहुण्यालाही मोह झाला, खर्च निघेल म्हणून. पण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने माणसे नेण्यासाठी नसते. तशी नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला काय सांगणार? आम्ही नाही म्हटले. मोठा गट असेल तर रीतसर परवान्याची प्रवासी बसच करावी आणि तिचे नेपाळचे कागद, टायर, ड्रायव्हरचे लायसन्स आधी स्वतः बघावे. त्यात संकोच करू नये.

गाडीची तब्येत

टेम्पोवाला म्हणून हा भाग मी जरा विस्ताराने सांगतो.

घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. माणसे चढाला घाबरतात, पण जीव उतारावर जातात. सारखा ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतात आणि ऐन वेळी पायडल दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. गाडीला इंजिनानेच आवरावे, ब्रेक थोडा थोडा मारावा. उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करू नये. त्यात पेट्रोल वाचत नाही, माणसे मात्र जातात.

निघण्याआधी पंधरा दिवस हे करून घ्यावे : ब्रेकचे लायनर आणि पॅड, ब्रेक ऑइल, हँडब्रेक, क्लच, कुलंट आणि त्याचे पाइप, फॅनबेल्ट, बॅटरी, वायपर, हॉर्न, सगळे दिवे. पाचही टायर, स्टेपनीसकट. जॅक आणि पाना गाडीत आहे एवढे पुरे नाही, एकदा घरासमोर चाक काढून बसवून पाहावे. काम झाल्यावर लगेच निघू नये. कसारा घाट चढून-उतरून गाडी तपासावी. चूक निघालीच तर घराजवळ निघेल.

आपल्याकडे बऱ्याच गाड्या सीएनजीवर चालतात. नेपाळात सीएनजीच्या भरवशावर राहू नये. घाटात भरलेली गाडी पेट्रोलवरच चढवावी. खर्चाचा हिशोब सोपा आहे. जाऊन-येऊन ३,४०० किलोमीटर आणि नेपाळातले सुमारे ७०० असे ४,१०० धरले, आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असेल, तर २९३ लिटर लागते. घाटासाठी आणखी दहावा हिस्सा धरून आम्ही ३२० लिटरचे पैसे बाजूला काढले आहेत. हे पैसे भिशीतून जमा केले. व्याजाने पैसे काढून यात्रेला जाऊ नये. बाबासाहेबांनी आपल्याला कर्ज काढून सण करायला शिकवलेले नाही.

नेपाळचे पैसे वेगळे आहेत. आपले १०० रुपये म्हणजे तिकडचे १६०. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरहून मोठ्या भारतीय नोटांना बंदी घातली होती. पुढे हे नियम बदलत राहिले आहेत. म्हणून शंभराच्या नोटांची गड्डी सोबत ठेवणे सर्वांत बरे. २०२४ पासून तिकडच्या काही दुकानांत आपल्या मोबाइलवरून पैसे देता येतात, पण घाटातल्या चहाच्या टपरीवर त्याचा भरवसा धरू नये. घड्याळही पंधरा मिनिटे पुढे करायचे. मोबाइलचे कार्ड रोमिंग नसेल तर बंद पडते. पोलिसांसाठी १०० आणि वाहतूक पोलिसांसाठी १०३ हे नेपाळचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

लुंबिनीत आणि पुढे डोंगरात

सुनौलीपासून भैरहवा मार्गे लुंबिनी सुमारे २५ किलोमीटर. सगळा सपाट रस्ता. तिथे मायादेवी मंदिराशेजारी अशोकस्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले म्हणून त्याने वंदन केले, दगडी स्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा कर माफ करून उत्पन्नाचा आठवा हिस्सा तेवढा ठेवला, असे त्यावर कोरलेले आहे. हा लेख १८९६ साली उजेडात आला. अक्षरे तीच ब्राह्मी, जी सोपाऱ्याच्या तुकड्यावर आहेत. मुलांना निघण्याआधी ब्राह्मीतली चार-सहा अक्षरे शिकवून ठेवा. तिथे गेल्यावर ती ओळखू आली तर त्यांचा आनंद बघा!

आम्ही लुंबिनीत तीन रात्री राहणार आहोत. तिथे देशोदेशींचे विहार आहेत आणि काहींत आधी विचारून राहण्याची सोय होते. एक दिवस तिलौराकोटला, शाक्यांच्या कपिलवस्तूचे म्हणून जे अवशेष दाखवतात ते बघायला. येताना कुशीनगर करून आई गोरखपूरहून रेल्वेने परत येईल.

आता काठमांडू. लुंबिनीहून बुटवल, तिथून पूर्व-पश्चिम महामार्गाने नारायणगढ, पुढे मुगलिंग आणि पृथ्वी महामार्गाने काठमांडू. सीमेपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. आपल्याला वाटते, पाच-सहा तासांचे काम. तसे नाही. बुटवल-नारायणगढ रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळलेले, आणि पुढे सगळा घाट. ट्रकच्या मागे ट्रक. दहा-बारा तास सहज जातात आणि मग माणूस अंधारात घाट उरकायला बघतो. तीच वेळ घाताची.

म्हणून आम्ही हा रस्ता दोन दिवसांत तोडला आहे. पहिल्या दिवशी नारायणगढला मुक्काम, तो सपाटीवर आहे. तिथे संध्याकाळी लॉजवाल्याला आणि वाहतूक पोलिसांना पुढच्या रस्त्याची चौकशी करायची. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघायचे आणि दिवस आहे तोवर काठमांडूत पोहोचायचे. काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर, त्यामुळे उंचीमुळे दम लागण्याची भीती नाही. त्रास होतो तो वळणांचा. सकाळी पोटभर खाऊ नये, आईला पुढच्या सीटवर बसवावे, आवळा सुपारी, लिंबू जवळ ठेवावे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या तेरा दिवसांच्या नव्हे, वीस दिवसांच्या घ्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी.

वहीतले शेवटचे पान

एवढा बेत झाल्यावर मागच्या रविवारी आईने विचारले, "ती भुसावळची माणसं पण बेत करूनच गेली असतील ना रे?"

कोणालाच उत्तर देता येईना. शेवटी मी म्हटले, "आई, बेत केला म्हणजे संकट येणार नाही असं नाही. पण आपल्या हातात जे आहे ते आपण सोडायचं नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग लिहा. लुंबिनी झाली की माझी यात्रा झाली. काठमांडू रस्ता देईल तर. पाऊस असेल, कोणाला ताप असेल, तुमच्यापैकी एकाचाही डोळा जड असेल, तर नारायणगढवरून मागे फिरायचं. मला बरं वाटावं म्हणून कोणी पुढे जायचं नाही."

ते आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मेहुण्यानेही. सोळा वर्षांच्या मुलीने त्याखाली आणखी एक ओळ घातली : "मागे फिरायचे म्हणणाऱ्याला कोणी भित्रा म्हणायचे नाही."

आपल्या सोपाऱ्याची एक जुनी गोष्ट आहे. पाली वाङ्मयात उदान ग्रंथात ती येते. सुप्पारक म्हणजे सोपारा. इथे समुद्रकाठी बाहिय नावाचा एक तपस्वी राहत होता, लोक त्याला फार मानत. पण आपण अजून अर्हत नाही आणि खरा मार्ग दाखवणारा श्रावस्तीला आहे हे कळताच तो तसाच निघाला. वाटेत कुठे एका रात्रीपेक्षा जास्त थांबला नाही. श्रावस्तीला पोहोचला तेव्हा भगवान भिक्षेसाठी गावात गेले होते. बाहियाने रस्त्यातच त्यांना गाठले आणि उपदेश मागितला. भगवान दोनदा म्हणाले, ही वेळ नाही. पण त्याने हट्ट सोडला नाही. तुमच्या आणि माझ्या आयुष्याचा काय भरवसा, असे तो म्हणाला. मग भगवंतांनी त्याला थोडक्यात उपदेश केला. त्यानंतर थोड्याच वेळात गाईने मारल्यामुळे बाहियाचा मृत्यू झाला.

ही गोष्ट मी आईला सांगितली. ती म्हणाली, "त्याची घाई धम्माची होती. तुमची घाई घाट उरकायची असते."

बंधू-भगिनींनो, आयुष्याचा भरवसा नाही हे खरे. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा "पुढच्या वर्षी बघू" म्हणून टाळू नका. आजच वही उघडा, कागद काढा, भिशी लावा. आणि आयुष्याचा भरवसा नाही म्हणूनच रात्री घाटात गाडी घालू नका. अशोकाच्या धम्मयात्रेत वृद्धांची काळजी घेणे हा यात्रेचाच भाग होता, हे आपल्या गावच्या दगडावरचे शासन आपण विसरू नये.

आम्ही नोव्हेंबरात निघू. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आईला घेऊन स्तुपावर जाणार आहोत. वडिलांची राहिलेली यात्रा तिथूनच सुरू होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!